नव्या शिपायाचें पाऊल

कवायतीच्या मैदानावर एखादा नवा शिपाई लंगडूं लागला, कीं पहिला संशय त्याच्या चुकारपणाचा येतो. पण तो नेहमींच खरा नसतो.

लांबलांबच्या मजला मारल्यावर तरुण शिपायांचीं पावलें सुजतात व दुखतात, अशी नोंद प्रशियाच्या सैन्यांतील शल्यवैद्य ब्राइटहाउप्ट यानें १८५५ सालीं केली. त्याचें कारण मात्र गूढच राहिलें. पुढें १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९७ सालीं श्टेखो यानें दाखवून दिलें कीं, त्या पावलांतील हाडें तडकलेलीं असतात.

ना पडणें, ना आपटणें. मग हाड तडकतें कसें? हाड ही निर्जीव काठी नव्हे, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. नवा भार पडूं लागला कीं शरीर हाडाचा जुना भाग आधीं पोखरून काढतें आणि मग त्या जागीं नवा भरतें. पोखरणें कांहीं आठवड्यांत उरकतें. भरणीला महिने लागतात. मधल्या काळांत हाड दुबळें असतें, आणि नेमका तेव्हांच कवायतीचा ताण वाढत असतो.

इस्रायलच्या सैन्यानें रात्रीं निदान ६ तास झोप सक्तीची केली व एकंदर चाल कमी केली, तेव्हां अशा इजा निम्म्याहून अधिक घटल्या. हा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला.

मातीची भिंत घालणारा एक थर वाळल्यावांचून दुसरा चढवीत नाहीं. शिपाई घडविणारानेंहि तेंच करावें, आणि लंगडणाऱ्यास दटावण्यापूर्वीं त्याचें पाऊल पाहावें.