पार्लमेंटांतले तीन मुंबईकर

मुरुडच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे समोर समुद्रांत जंजिऱ्याचा कोट दिसतो. त्या कोटाचे धनी सिद्दी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व भागांतून, कोणी गुलाम म्हणून, कोणी चाकरीच्या निमित्तानें, दक्षिणेंत आले. आणि त्यांच्या वंशजांनीं या मुलखावर शेंकडों वर्षें राज्य केलें. मुलखालाच हबसाण हें नांव पडलें. १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तेव्हां बाहेरून आलेला मनुष्य किती पिढ्यांनीं घरचा होतो, हा प्रश्न येथल्या लोकांना नवा नाहीं.

इंग्लंडांत मात्र हा प्रश्न अजून मिटलेला नाहीं. परकीयांना देशांत किती येऊं द्यावें यावर तेथें मंत्रिमंडळें अडचणींत आलीं आणि पक्ष फुटले. मतदारापुढें तर दर खेपेस पेंच पडला कीं, मत आपल्या पक्षाला द्यावें कीं आपल्या मनांतल्या प्रश्नाला? याची कथा सांगावयाची तर ती मुंबईहून गेलेल्या तीन गृहस्थांपासूनच सुरू करावी लागते. तिघेही पारशी, आणि तिघे तीन निरनिराळ्या पक्षांचे.

पहिले दादाभाई नौरोजी. एल्फिन्स्टन संस्थेंत गणिताचे प्राध्यापक असलेले हे गृहस्थ १८५५ सालीं कामा कंपनीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले. हिंदुस्थान साम्राज्यांत असल्यामुळें ते ब्रिटिश प्रजाजन होते, व प्रजाजनास निवडणुकीस उभें राहण्याची कायद्याची आडकाठी नव्हती. १८८६ सालीं ते होलबर्न विभागांतून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले. दोन वर्षांनीं मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनीं एडिंबरो येथील भाषणांत असा अभिप्राय दिला कीं, काळ्या माणसाला निवडून देण्याइतका ब्रिटिश मतदार अजून पुढें गेलेला नाहीं. वस्तुतः दादाभाई वर्णानें गोरेपान होते. पण प्रधानसाहेबांनीं त्यांना पाहिलें होतें कोठें! या एका उद्गारानें दादाभाईंचें नांव इंग्लंडभर झालें. लिबरल पुढाऱ्यांनीं सॅलिस्बरींचा निषेध केला, आणि वर्तमानपत्रांनीं तो विषय कित्येक दिवस चघळला.

तथापि खरी अडचण विरोधी पक्षाकडून आली नाहीं; ती स्वपक्षाकडून आली. सेंट्रल फिन्सबरी विभागांतील लिबरल मंडळींत उमेदवारीवरून दोन तट पडले. आपली निवड रीतसर झाली आहे असें दादाभाई म्हणत, तर दुसरा तट दुसराच उमेदवार पुढें करी. जेथें सर्वांत अधिक मतें मिळविणारा एकच मनुष्य निवडून येतो, तेथें एका पक्षाचे दोघे उभे राहिले तर तिसऱ्याचें फावतें, हें आपल्याकडील ग्रामपंचायतीच्या मतदारासही ठाऊक असतें. मतदानाच्या आधीं दुसऱ्या उमेदवारानें माघार घेतली, म्हणून बचावले. १८९२ च्या त्या निवडणुकींत दादाभाईंना २,९६१ मतें पडलीं आणि हुजूरपक्षाच्या पेंटन यांना २,९५६. पांच मतांचें बहुमत! पांच माणसें त्या दिवशीं पावसाला भिऊन घरीं बसलीं असतीं, तर ब्रिटिश पार्लमेंटांत हिंदी माणसाचा आवाज तेव्हां उठला नसता.

तीन वर्षांनीं दादाभाई पडले. १९०६ सालीं त्यांनीं नॉर्थ लॅम्बेथ विभागांत पुन्हां प्रयत्न केला. पण अधिकृत लिबरल उमेदवार दुसराच होता, आणि फिन्सबरींत टळलेलें संकट येथें टळलें नाहीं. हिंदुस्थानाविषयीं आस्था असलेल्या लिबरल मतदारांनींही मत पक्षाच्याच पदरांत टाकलें. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धास अवघीं ७३३ मतें मिळालीं. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून लाखो लोकांनीं ज्यांचा जयजयकार केला, तेच हे दादाभाई.

दुसरे सर मंचेरजी भावनगरी. १८९५ सालीं दादाभाई पडले, त्याच निवडणुकींत हे पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन विभागांतून हुजूरपक्षातर्फे निवडून आले. त्यांनीं पाडलें तें कोणाला? जॉर्ज हॉवेल या जुन्या कामगार पुढाऱ्याला, जो तारुण्यांत गवंडीकाम करीत असे. बहुमत १६० मतांचें. मजुरांच्या वस्तींत मजुरांचा माणूस पडावा आणि श्रीमंतांच्या पक्षाचा एक हिंदी गृहस्थ निवडून यावा, याचा हॉवेलला फार विषाद वाटला, आणि एका काळ्या परक्या माणसानें आपल्याला हुसकावलें असें त्यानें लिहून ठेवलें. पण मतदारांनीं वर्ण पाहिला नाहीं. त्यांनीं पक्ष पाहिला. भावनगरी १९०० सालीं पुन्हां निवडून आले.

हिंदुस्थानांत त्यांना मान थोडा मिळाला. ब्रिटिश राज्याचे ते कट्टर अभिमानी, म्हणून काँग्रेसची मंडळी त्यांच्यावर रुष्ट असत. परंतु ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर जे जाचक निर्बंध घातले गेले, त्यांविरुद्ध पार्लमेंटांत ते सतत झगडले, आणि दक्षिण आफ्रिकेंतून गांधींची त्यांच्याशीं पत्रें चालत. मौज पाहा. ज्या पूर्व लंडनचे ते प्रतिनिधि, तेथेंच रशियांतून पळून आलेल्या गरीब ज्यू लोकांविरुद्ध मोठी ओरड चालली होती, आणि त्यांच्याच पक्षाच्या सरकारनें १९०५ सालीं परकीयांना मज्जाव करणारा पहिला आधुनिक कायदा केला. ट्रान्सवालचे दरवाजे हिंदी माणसाला मोकळे असावेत म्हणून झटणारा सभासद ज्या बांकांवर बसत होता, त्याच बांकांवरून लंडनचे दरवाजे ज्यू माणसाला बंद करण्याची तजवीज झाली. पुढील सालच्या निवडणुकींत हुजूरपक्षाची दाणादाण उडाली, तींत भावनगरीही गेले.

तिसरे शापुरजी सकलातवाला यांची कथा सर्वांत चमत्कारिक. जमशेटजी टाटांचा हा भाचा १९०५ सालीं इंग्लंडांत गेला आणि तेथें मजुरांच्या चळवळींत पडला. १९२१ सालीं तो कम्युनिस्ट झाला, तरी १९२२ सालीं बॅटर्सी विभागांतील मजूर पक्षानें त्यालाच आपला उमेदवार केलें व निवडूनही आणलें. १९२३ सालीं लिबरल उमेदवारानें त्याला १८६ मतांनीं पाडलें. मग १९२४ सालीं मजूर पक्षाच्या परिषदेनें ठराव केला कीं, कम्युनिस्टांस पक्षाची उमेदवारी देऊं नये. बॅटर्सीच्या मजूर मतदारानें काय करावें? त्यानें वरिष्ठांचा ठराव बाजूस ठेवून सकलातवालालाच निवडून दिलें. हुजूरपक्षानेंही त्या वेळीं आपला माणूस उभा केला नव्हता. प्रतिपक्षाचीं सारीं मतें एका ठिकाणीं पडावीं हा त्यांतील डाव. तो थोडक्यांत फसला. परंतु १९२९ सालीं मजूर पक्षानें बॅटर्सींत स्वतःचा उमेदवार दिला, तेव्हां तेच मतदार पक्षाकडे परतले आणि सकलातवाला पडला. माणूस तोच, विभाग तोच. मध्यें पक्षाचें निशाण तेवढें बदललें होतें.

पक्षनिष्ठेचा जांच त्याला दुसऱ्या बाजूनेंही झाला. १९२७ सालीं त्यानें आपल्या मुलांची नवजोत लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्यें पारशी रिवाजाप्रमाणें केली, म्हणून कम्युनिस्ट पक्षानें त्याचा जाहीर निषेध केला. त्याच वर्षीं तो हिंदुस्थानांत दौरा करून गेला, आणि त्यानंतर सरकारनें त्याला येथें येण्याची बंदी केली. मुंबईंत जन्मलेला, ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद असलेला मनुष्य. त्याला मुंबई बंद! पुढें मजूर पक्षाचें सरकार आलें, तरी ती बंदी उठली नाहीं. १९३६ सालीं तो लंडनलाच वारला.

महायुद्धानंतर चित्र पालटलें. पूर्वीं परदेशीं जाणारा हिंदी मनुष्य विरळा. आतां गिरण्या, रेल्वे, इस्पितळें यांस माणसें हवीं होतीं म्हणून वसाहतींतून लोक येऊं लागले. १९६२ सालीं हुजूरपक्षाच्या सरकारनें राष्ट्रकुलांतील लोकांच्या प्रवेशावर पहिला निर्बंध घातला. मजूर पक्ष त्या वेळीं विरोध करीत होता. सत्तेवर आल्यावर त्याच पक्षानें १९६८ सालीं काय केलें तें कोंकणच्या किनाऱ्यावरील माणसानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आपल्याकडील कित्येक कोंकणी मुसलमान कुटुंबें आफ्रिकेंत स्थायिक झालेलीं. केन्यांत गुजराथी, पंजाबी यांचीही मोठी वस्ती. केन्या स्वतंत्र झाल्यावर त्यांपैकीं अनेकांनीं ब्रिटिश पासपोर्ट ठेवला होता. तो पासपोर्ट घेऊन ते लंडनच्या वाटेला लागतांच गृहमंत्री कॅलाहान यांनीं तीन दिवसांत कायदा करून घेतला कीं, ज्याचा बाप अथवा आजा ब्रिटनचा नाहीं, त्याला त्या पासपोर्टावर मुक्त प्रवेश नाहीं. हुजूरपक्षानें बहुतांशीं त्याला साथ दिली. पण त्याच पक्षाचे इयन मॅक्लिऑड, जे पूर्वीं वसाहतमंत्री होते, त्यांनीं या लोकांना दिलेल्या वचनाची आठवण देऊन विरुद्ध मत दिलें.

त्याच वर्षीं एप्रिलच्या २० तारखेस हुजूरपक्षाचे ईनॉक पॉवेल यांनीं बर्मिंगहॅम येथें परकीयांच्या आगमनाविरुद्ध तें प्रसिद्ध जळजळीत भाषण केलें. हा मनुष्य युद्धकाळीं हिंदुस्थानांत लष्करी नोकरींत होता आणि उर्दू शिकला होता! पक्षनेते हीथ यांनीं त्याला दुसऱ्याच दिवशीं पुढाऱ्यांच्या मंडळांतून काढलें. गोदीकामगार, जे पिढीजात मजूर पक्षाचे, त्यांनीं मात्र पॉवेलच्या बाजूनें मोर्चा काढला. १९७२ सालीं इदी अमीननें युगांडांतून हांकललेल्या हजारों हिंदी लोकांना हीथ सरकारनें आश्रय दिला. त्यावरही पॉवेल तुटून पडला. १९७४ च्या फेब्रुवारींतील निवडणुकींत तर त्यानें कमाल केली. स्वतः उभा राहिला नाहीं, आणि युरोपच्या सामायिक बाजाराचा प्रश्न लोकांपुढें ठेवण्याचें वचन मजूर पक्ष देतो म्हणून मत मजूर पक्षाला द्या, असा सल्ला त्यानें दिला. हुजूरपक्षाला मतें सुमारें सव्वादोन लाखांनीं अधिक पडलीं. जागा मात्र मजूर पक्षास ३०१ आणि हुजूरपक्षास २९७. पॉवेलच्या शब्दाखातर किती मतें फिरलीं याविषयीं अजून वाद आहे. परकीयांना विरोध करणाऱ्या या मनुष्याचें सहाय्य मजूर पक्षाला झालें, आणि ज्या मजूर पक्षाला हिंदी मतदार आपला समजत असत तोच त्यामुळें सत्तेवर आला.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. राष्ट्रकुलांतील देशाचा नागरिक ब्रिटनमध्यें रीतसर राहत असेल, तर त्याला तेथें पार्लमेंटच्या निवडणुकींत मत देतां येतें. त्यासाठीं ब्रिटिश नागरिक व्हावें लागत नाहीं. म्हणजे मुरुडचा एखादा तरुण लंडनच्या इस्पितळांत कामास असेल, तर आपल्यासारख्यांना देशांत घ्यावें कीं नाहीं यावर तो स्वतःच कौल देतो.

२०२४ च्या जुलैच्या ४ तारखेस जी निवडणूक झाली, तींत ऋषी सुनक हे मुख्य प्रधान होते. त्यांचे आईबाप आफ्रिकेंतून ब्रिटनमध्यें आलेले. आणि त्यांच्याच सरकारनें विनापरवाना होड्यांतून येणाऱ्यांस रुआंडांत धाडण्याचा घाट घातला होता. परकीयांना मज्जाव करावा असें ज्यांना वाटे, त्यांतील पुष्कळांनीं त्यांना सोडून रिफॉर्म पक्षाला मत दिलें. त्या पक्षाला ४१ लाखांवर मतें मिळालीं, आणि जागा पांच. लिबरल डेमोक्रॅटांना ३५ लाख मतें आणि ७२ जागा. कारण कित्येक ठिकाणीं मजूर पक्षाच्या मतदारांनीं आपला उमेदवार येणार नाहीं हें ओळखून हुजूरपक्षाला पाडील त्यालाच मत दिलें होतें. दादाभाईंच्या फिन्सबरीचा आज जेथें समावेश होतो त्या इझलिंग्टन भागांत तर आणखीच निराळा प्रकार घडला. मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन यांना पक्षानें उमेदवारी नाकारली, ते स्वतंत्र उभे राहिले, आणि इझलिंग्टन नॉर्थच्या मतदारांनीं पक्षाच्या उमेदवाराला बाजूस सारून त्यांनाच निवडून दिलें.