सेप्टिक टँकची निगा : घरमालकाची जबाबदारी

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



विहारात संडासाच्या टाकीवर भाषण, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण विनयपिटकातील चुल्लवग्गात 'वच्चकुटीवत्त' हा भाग आहे. त्यात शौचालयाचे नियम आहेत : आत जाण्यापूर्वी खोकावे, घाण असेल तर झाडून काढावी, पाणी नसेल तर भरून ठेवावे. हा विषय तथागतांना हलका वाटला नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सफाई करणाऱ्या सुनीताच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र जागा दिली आहे.

आणि आपण काय करतो? टाकी तुंबली की नाक्यावरून दोन माणसे आणतो आणि आत उतरवतो. ती कोणत्या वस्तीतून येतात, हे या सभागृहात सांगायला नको.

टाकीत हवेवाचून जगणारे जिवाणू मैला कुजवतात. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. कुजताना मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीतही घातक आहे, कारण मिथेन पेट घेतो.

म्हणून टाकी तुंबण्याची वाटच पाहू नये. दर दोन-तीन वर्षांनी उपसा करणारी पंपाची गाडी बोलवावी. वरून पाईप सोडून गाळ ओढता येतो, त्यासाठी कुणालाही आत उतरावे लागत नाही. ॲसिड, फिनेल सढळ हाताने ओतू नये, त्याने जिवाणू मरतात. पावसाचे पाणी आणि स्वयंपाकघरातील तेल टाकीत सोडू नये. कापड, प्लास्टिक आणि सॅनिटरी पॅडही त्यात टाकू नयेत. (हे घरातील पुरुषांनीही ऐकावे, गुटख्याच्या पुड्या कोण टाकते, हे सर्वांना ठाऊक आहे.)

पुष्कळदा दोष टाकीचा नसतोच. बाहेर जाणारा टी-पाईप तुटला की साय शोषखड्ड्यात जाते आणि तो बुजतो. मग अंगणात पाणी साचते आणि गवंडी टाकी फोडायला सांगतो. आधी टी-पाईप तपासून घ्या.

टाकी नवीनच बांधायची असेल तर दोन्ही कप्प्यांवर उघडता येणारी झाकणे ठेवा. त्यांवर फरशी घालून बाथरूम बांधण्याची हौस पुढे कुणाच्या तरी जिवावर बेतते. शोषखड्डा विहिरीपासून किमान अठरा मीटर दूर हवा. प्लास्टिकची तयार टाकी पुरताना आत पाणी भरत जावे, नाहीतर पावसाळ्यात ती वर उचलली जाते. जुनी टाकी उपसून मुरुमाने भरावी. अंगणाखाली पोकळ ठेवू नये.

कायद्याविषयी थोडेसे. 2013 चा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणदिनी, लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टँक साफ करण्यासाठी माणूस लावणे त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तो नगरपालिकेला जसा लागू आहे तसाच घरमालकालाही. अशा मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती 2023 मध्ये तीस लाख केली. 'तो स्वतःच तयार झाला होता' असे सांगून मालकाला सुटता येत नाही.

आपल्या सोसायटीच्या इमारतीची टाकी शेवटची कधी उपसली, हे मी येताना दोघा-तिघांना विचारले. कुणालाच सांगता आले नाही. कार्यकारिणीने ती तारीख झाकणाशेजारच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी, एवढी विनंती करून मी थांबतो. जयभीम.