बिऱ्हाड सोडलेली पेशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नेपियर टाउन, जबलपूर येथे झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदसोहळ्यात कर्करोगासारखा विषय घ्यावा किंवा कसे, याविषयी कार्यकारिणीत बराच ऊहापोह झाल्याचे आमच्या कानी आले आहे. कोणी सुचविले, नर्मदेवर बोला. कोणी म्हणाले, नाट्यसंगीत बरे. मंगल प्रसंगी अमंगल नाव कशाला, ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु ते नाव न उच्चारण्याची जी सवय आपल्या घरांतून रुजली आहे, तिच्यापर्यंतच आम्हांस आज पोहोचावयाचे आहे. वाट मात्र थोडी शास्त्रातून जाते. आपण सोबत यावे.

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, अशी व्याख्या आपण शाळेपासून ऐकत आलो. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. पाठीवर वर्षानुवर्षे वागविलेली चरबीची गाठही वाढतच असते; ती सहसा कोणाचा प्राण घेत नाही. कर्करोग प्राणघातक ठरतो तो मुख्यतः त्याच्या आणखी दोन गुणांमुळे. एक, त्याची पेशी शेजार सोडून निघते. दोन, जेथे ती तळ ठोकते तेथे आपल्यासाठी रक्ताची सोय करून घेते. या दोन गोष्टींचा शोध गेली ऐंशी वर्षे जगभर चालू आहे आणि त्यात मुंबई-पुण्याचाही वाटा आहे.

प्रथम शेजाराविषयी. गालाच्या आतले मऊ अस्तर घ्या. त्यातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. प्रत्येकीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात. एकीचे प्रथिन शेजारणीच्या तशाच प्रथिनात गुंतते. ही पकड टिकण्यास कॅल्शियम लागते. क्योटोचे शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी या प्रथिनांचा माग काढला. त्यांना 'कॅडहेरिन' म्हणतात. याखेरीज पेशीला पायाखालच्या तंतुमय जमिनीलाही धरून राहावे लागते. ते काम करणाऱ्या प्रथिनांना १९८६ साली 'इंटिग्रिन' हे नाव मिळाले. शेजारणीचा हात आणि पायाखालची जमीन, अशा दोन आधारांवर पेशीचा संसार उभा असतो.

हा हात कर्करोगात सैल पडतो, हे प्रत्यक्ष मोजून दाखविले अमेरिकेतील डेल कोमन यांनी. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी घेतल्या, अतिसूक्ष्म सुयांनी त्या विलग केल्या आणि विलग होताना सुई किती वाकते त्यावरून पकडीचा जोर काढला. चपट्या पेशींच्या कर्करोगात हा जोर निरोगी पेशींच्या मानाने पुष्कळच कमी भरला. हा निबंध १९४४ साली 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात आला.

योगायोग असा की, त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात मुंबईहून एक निबंध गेला होता. लेखक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हापासून तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे होती. तेथे आलेल्या मुखाच्या कर्करोगाच्या लागोपाठ एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी त्या निबंधात घेतला होता आणि तोंडात रोगाची जागा व पान-तंबाखूच्या सवयी यांची सांगड घातली होती. मुखाचा कर्करोग बहुतांशी चपट्या पेशींचाच असतो. म्हणजे पेशींची पकड सुटते असे एकाने सांगितले, तर ती सोडविणारी वस्तू आपल्या खिशातल्या डबीत आहे असे दुसऱ्याने सुचविले. ज्या शहरात बिडीच्या धंद्यावर हजारो चुली पेटल्या, त्या आपल्या जबलपुरास तरी हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या. १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी जगविण्याचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्यांनी असे काम केले आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. अस्तरातील निरोगी पेशी बाटलीत सोडली, तर ती आधी तळाला चिकटते, पाय पसरते आणि मगच वाढीस लागते. चिकटू दिले नाही, तर ती नुसती थांबत नाही; ती स्वतःचा अंत करून घेते. १९९४ साली या मरणाला 'अनोइकिस' असे ग्रीक शब्दावरून नाव देण्यात आले. त्याचा अर्थ 'घराविना असणे'. रक्तात किंवा भलत्या अवयवात भटकून तिने गोंधळ घालू नये, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. कर्करोगाची पेशी नेमकी हीच आज्ञा मोडण्यास शिकते. तिला बेघर होऊनही जगता येते.

येथे कोणी मिस्कीलपणे विचारील, की पुणे, सातारा, वऱ्हाड सोडून या नर्मदातीरी आलेल्या आपणा मंडळींना ही उपमा लावायची काय? तसे मुळीच नाही. आपण घर सोडले, पण सुटे राहिलो नाही. कोणी रेल्वेत, कोणी तोफगाडीच्या कारखान्यात, कोणी न्यायालयात पाय रोवले आणि शेजारी धरला. हे मंडळ पन्नास वर्षे चालले ते त्या पकडीवरच. कर्कपेशीजवळ नेमके तेवढेच नसते.

मात्र अशा भटक्या पेशीचेही नुसत्या भटकण्याने भागत नाही. रक्तात उतरलेल्या बहुतेक कर्कपेशी मरतातच. फार थोड्या कोठेतरी रुजतात. कोठे रुजतात, हेही केवळ दैवाधीन नसते. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून सांगितले की, बी सर्वत्र उडते, पण मानवेल त्याच मातीत उगवते.

आणि उगवले तरी त्याला पाणी हवे. पेशीपर्यंत प्राणवायू पोहोचतो तो जवळच्या केशवाहिनीतून झिरपून. मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडे तो फारसा जात नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी जूडा फोकमन हे तरुण अमेरिकन शल्यविशारद नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. प्राण्याची थायरॉइड ग्रंथी काचपात्रात जिवंत ठेवून तिच्यात त्यांनी कर्कपेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरवर येऊन थबकल्या. त्याच गाठी जिवंत उंदरात घालताच भराभर फोफावल्या, कारण तेथे त्यांच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या. १९७१ साली फोकमन यांनी सिद्धान्त मांडला की, अर्बुद आसपासच्या रक्तवाहिन्यांना संदेश पाठवून आपल्याकडे फांद्या फुटावयास लावते. हा संदेश तोडला तर ते उपाशी राहील. बरगीच्या धरणाचा कालवा कोणाच्या शेताकडे वळवावा हे सरकार ठरविते. येथे तृणच कालव्याला हुकूम सोडते! प्रथम पुष्कळांनी त्यांची उपेक्षा केली. पुढे १९८९ साली त्या संदेशांपैकी प्रमुख प्रथिन शुद्ध स्वरूपात ओळखले गेले. त्यास 'व्हीईजीएफ' म्हणतात.

आता दोन्ही धागे एकत्र येतात. नवी रक्तवाहिनी वाढते, तेव्हा तिच्या पेशींनाही पुढची जमीन धरून सरकावे लागते, आणि त्यासाठी एक विशिष्ट इंटिग्रिन उपयोगी पडते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. गोपाल कुंडू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑस्टिओपाँटिन' या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले. ते इंटिग्रिनला जाऊन भिडते आणि स्तनाच्या कर्करोगात व्हीईजीएफच्या मार्फत रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देते, असे त्यांनी दाखविले. मुंबईच्या संशोधन केंद्राचा वारसा आज खारघरच्या 'ॲक्ट्रेक' या संस्थेत नांदतो. तेथे डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने २००८ साली दाखविले की, पेशींच्या सांध्यातील 'प्लॅकोफिलिन-३' हे प्रथिन घटले की पकड सुटते आणि रोग दूर पसरू लागतो. डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने मुखाच्या कर्कपेशींतील केराटिनचे धागे आणि इंटिग्रिन यांचा संबंध २०११ साली उलगडला. खानोलकरांनी मोजलेल्या त्या हजार मुखांच्या आतले कोडे असे धाग्याधाग्याने सुटत आहे.

यातून औषध निघाले काय? निघाले, पण अपेक्षा आवरून ऐकावे. व्हीईजीएफला अडविणारे बेव्हासिझुमॅब २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. नेहमीच्या औषधांना त्याची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यमान आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. पावणेपाच महिने! ज्यांच्या घरी असे महिने मोजले गेले आहेत, ते त्यांना थोडे म्हणणार नाहीत. पण तो विजयही नव्हे. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता तर २०११ साली तेथे काढून घ्यावी लागली. इंटिग्रिनला अडविणारे सिलेंजिटाइड मेंदूच्या अर्बुदावरील मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले. एक कालवा बंद केला, तर अर्बुद दुसरा खणते. सुटलेली पेशी परत बांधणे फार कठीण आहे. ती सुटण्यापूर्वी गाठणे त्या मानाने पुष्कळ सोपे आहे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. कळले मात्र घरी.

आमचे एक चुलते होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. तळहातावर तंबाखू-चुना मळण्याची त्यांची ढब आमच्या लहानपणाच्या आठवणींत आहे. एका गणेशोत्सवात पंगतीला ते आमच्या शेजारीच बसले होते. त्यांनी भाजी बाजूला सारली, पुरीला हात लावला नाही आणि नुसता दहीभात मागून घेतला. वहिनी म्हणाल्या, "अण्णांना छाले आले आहेत. उष्णता झाली असेल." आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रोगनिदान करणारे आम्ही तेथे बसलो होतो. आम्ही मठ्ठा पुढे केला. "तोंड उघडा पाहू" एवढे तीन शब्द आम्हांस सुचले नाहीत. वडीलधाऱ्या माणसास पंगतीत तसे म्हणणे प्रशस्त वाटले नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळीच्या सुमारास तोंडातल्या जखमेचा तुकडा काढला गेला आणि त्याची काच तपासण्यास आमच्याच टेबलावर आली. अस्तराच्या तळाचे पातळ आवरण फाटले होते. पेशींची बेटे खाली स्नायूंपर्यंत उतरली होती, आणि त्यांच्या सभोवती कोवळ्या भिंतींच्या नव्या रक्तवाहिन्यांची दाटी होती. आज सांगितलेले सारे शास्त्र त्या एका काचेवर होते. पंगतीच्या दिवशी त्यातले किती होते, हे आम्ही पुढे अनेक रात्री स्वतःला विचारले. मुंबईस नेले, उपचार झाले. पुढचा गणेशोत्सव अण्णांनी पाहिला नाही. शेवटपर्यंत घरात रोगाचे नाव कोणी घेतले नाही. नाव न घेता आम्ही त्यांना जपत आहोत, असे साऱ्यांना वाटत होते.

म्हणून आज हे नाव आम्ही आपल्या मंडळात मोठ्याने घेत आहो. गाठ एक-दोन मिलिमीटरची असते तेव्हा ती बहुधा कोणालाच दिसत नाही, हे खरे. पण तोंड हा असा अवयव आहे की जेथे आरसा आणि उजेड एवढ्यानेही पुष्कळ दिसते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हळूहळू कमी उघडणारा जबडा, मानेत लागणारी टणक गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास वैद्याकडे जावे. ही लक्षणे म्हणजे कर्करोगच असे नव्हे. बहुतेक वेळा तो नसतो. पण ते ठरविणे आपले काम नाही.

आणखी एक समज पक्का रुजलेला आहे: "तुकडा काढला की रोग पसरतो." पेशी सुटी झाली म्हणजे रुजलीच असे नाही, हे आपण आता पाहिले. रीतसर काढलेल्या तुकड्याने रोग पसरण्याचे भय अत्यल्प; तुकडा न काढता घालविलेल्या महिन्यांचे भय मात्र खरे. पेशीला शेजार सोडावयास आणि कालवा खणावयास वेळ लागतो. तो वेळ आपल्या हातचा असतो. आपण तो संकोचापायी तिला देऊन टाकतो.

या गणेशोत्सवात पंगत बसेल तेव्हा आपल्या शेजारच्या पानाकडे पाहावे. कोणी पुरी बाजूला ठेवून नुसता दहीभात मागत असेल, तर मठ्ठा वाढण्यापूर्वी त्याला विचारावे. मंडळ म्हणजे तरी दुसरे काय? एकमेकांना धरून असणे. ते आपले मंडळ पन्नास वर्षे करीत आले. शतकमहोत्सवापर्यंत करीत राहो, अशी आई नर्मदेपाशी प्रार्थना.