न खाजणारा चट्टा



चेंबूरच्या दमट हवेत, घामाने भिजलेल्या कपड्यांत नायटा फोफावतो. उंचावलेली गोल कडा, निवळलेला मध्यभाग आणि विलक्षण खाज ही त्याची ओळख. दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले की खाज शमते. बुरशी मात्र पसरत राहते आणि कडा पुसट झाल्याने निदानही अवघड होते. २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. तरी अर्धी वापरलेली ट्यूब घरोघरी सापडतेच!

रात्री घरातील अनेकांना खाज सुटली, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसले, तर खरजेची शंका घ्यावी. उपचार सर्वांनी एकाच वेळी करावेत.

तथापि आम्हांस अधिक चिंता वाटते ती न खाजणाऱ्या चट्ट्याची. फिकट वा लालसर, स्पर्श न कळणारा हा चट्टा त्रास देत नाही, म्हणून दुर्लक्षिला जातो. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावरील ६ वा १२ महिन्यांचे औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच ओसरतो. रुग्णाचे ताट वेगळे मांडण्याचे कारण नाही. उशीर झाल्यास मात्र गेलेली संवेदना परत येईलच, असे नाही.