आपल्या घराण्याचा माग

आपले पूर्वज मोहाडीच्या परिसरात कुठून आले?
हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

वैनगंगेच्या या खोऱ्यात कितीतरी घराणी बाहेरून येऊन वसली.
पोवार समाजाचे लोक आपलं मूळ माळव्याकडचं सांगतात.
कोहळी समाजाने तलाव बांधले, धानाची शेती फुलवली.

मग आपलं मूळ शोधायचं कसं?

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.
आजीचं माहेर विचारा.
कुलदैवत विचारा.
ऐकलेलं लगेच लिहून ठेवा.

मग तहसील कार्यालयात जुन्या कोतवाल बुकाची चौकशी करा.
त्यात गावातले जन्म-मृत्यू नोंदलेले असतात.
जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं.
बापाचं मात्र असतं.
आपल्याला तेच हवं!

त्यानंतर जमीन बंदोबस्ताची मिसल पाहा.
शेत कोणाच्या नावे होतं, ते तिच्यातून कळतं.
इथे १९५१ पर्यंत मालगुजारी होती; मालगुजार गावाचा सारा गोळा करायचा.
म्हणून गावच्या मालगुजाराचं नावही विचारून घ्या.

आणखी एक ठिकाण म्हणजे त्र्यंबकेश्वर.
तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या लिहिलेल्या असतात.
आपलं गाव आणि आडनाव सांगा.
वहीत घराणं असेल, तर नावं सापडतील.

एक मात्र सांभाळा.
नुसतं आडनाव जुळलं, म्हणून नोंद आपली मानू नका.
गाव जुळायला हवं.
बापाचं नावही जुळायला हवं.

पुन्हा सांगतो.
कागद नंतरही पाहता येतील.
आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.
आजच विचारा.