पैसा तिचा, खातंही तिचंच हवं

(सातारा-सांगली भागातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या आज्या बाजाराला जाताना पैसे कनवटीला लावायच्या. चोराला सोडा, नवऱ्यालाही पत्ता लागायचा नाही. पैसा जपायला आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रश्न आहे तो, आपण कमावलेला पैसा कुणाच्या नावावर जमा होतो, हा.

घर सोडून कमवायला जाणं आपल्या भागाला नवं नाही. माण-खटावची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. खानापूर-आटपाडीची गलाई कुटुंबं सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरली. पूर्वी पैसा पुरुष पाठवायचा आणि बाई वाट बघायची. आता नर्सिंग शिकलेल्या मुली, घरकाम करणाऱ्या बाया आखातात जातात. पाठवणारी बाई झाली, पण खातं कुणाचं?

माझ्याकडे आलेल्या एका बाईनं चार वर्षं परदेशात घरकाम केलं. पगार भावाच्या खात्यात जायचा. परतली तेव्हा गावात घर उभं होतं, पण उतारा भावाच्या नावावर. भावजय म्हणाली, "तुझंच घर हाय, ऱ्हा की." कुणी तिला हाकललं नव्हतं. तरी तिनं मला विचारलं, "ताई, मी मालकीण का पाहुणी?" कागद बघितल्यावर मला उत्तर देता येईना.

म्हणून निघण्याआधीच बँकेत जायचं. परदेशी नोकरीला जाणाऱ्या बाईला स्वतःच्या नावानं एनआरई खातं काढता येतं. तिकडची कमाई त्यात रुपयांत जमा होते. जवळच्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन घरखर्चापुरते पैसे काढू देता येतात. खातं मात्र आपलंच राहतं. इथलं जुनं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, तेही सांगून ठेवायचं. बँकेला जोडलेला मोबाईल नंबर स्वतःजवळच ठेवायचा. ओटीपी भावाच्या फोनवर येत असेल, तर किल्ली त्याच्याच हातात.

भारतातून निघताना रुपयांच्या नोटा 25 हजारांपर्यंतच नेता येतात. नेपाळ-भूतानचे नियम वेगळे आहेत. सगळी रोकड एका पिशवीत ठेवू नका. थोडी अंगावर, थोडी सामानात, कार्ड तिसरीकडे. हुंडीवाला घरपोच पैसे देतो, पण ते बेकायदा आहे. पैसे बुडाले तर दाद मागायला हातात पावती नसते. मालकीणबाई "तुझा पगार माझ्याकडे साठू दे" म्हणाली तर नाही म्हणायचं. पासपोर्टही तिच्याकडे द्यायचा नाही. कायद्यानं तो भारत सरकारचा असतो.

1997 साली म्हसवडला माण देशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाईची बचत बाईच्याच हाती राहावी, हाच त्यामागचा विचार. तोच आपण परदेशी जाणाऱ्या मैत्रिणीपर्यंत न्यायचा आहे. गटातली एखादी जायला निघाली, तर तिला निरोप देताना एवढं नक्की विचारा: "पासबुकावर नाव कुणाचं?"