हेमाडीदेवाचं नाव कशानं उरलं?



चाळीसगावजवळच्या पाटण्याला एक शिलालेख आहे. तो शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा. तेव्हा तिथं निकुंभ घराण्याचं राज्य होतं. सोइदेव थोरला भाऊ, हेमाडीदेव धाकटा.

थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव. हा योगी चांगदेव नव्हे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं पाटण्याला मठ काढला. सोइदेवानं मठाला दान दिलं. हेमाडीदेवानंही थोडं दिलं. गावातल्या दर घाण्यानं पळीभर तेल द्यावं, असंही त्या दगडावर जुन्या मराठीत लिहिलं आहे.

राज्य गेलं. विद्येला दिलेलं लिहून ठेवलं होतं, म्हणून धाकट्या भावाचं नाव उरलं.

मंडळी, आता तुम्हांला वाचता येतं. आपल्या गावच्या शाळेला आपली पळी कोणती, ते घरी बसून ठरवा.